तुझ्या गावाला गाडी जात नाही

सोमवार, ८ सप्टेंबर

प्रिय भोंग्या,

तिकीट बघून तू पाकीट दोनदा उलटंपालटं करशील. हो, तिकीट तुझ्याच देशाचं आहे. आम्ही इथे आलो आहोत, मी आणि तुझे भावोजी, दहा दिवसांच्या सहलीला. लगेच गैरसमज करून घेऊ नकोस, तुझ्यासाठी वगैरे आलेलो नाही. हे छापखान्यातून निवृत्त झाले. जन्मभर लोकांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासले, आता म्हणाले, एकदा तळी आणि डोंगर बघून येऊ. तळी आणि डोंगर दुसरीकडेही आहेत, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी बॅगा भरल्या.

सात वर्षांनी लिहिते आहे, तर काहीतरी बरं लिहावं असं मनात होतं. पण सकाळपासून आमच्यात एकच विषय चाललाय, तोच सांगते. कशाने जायचं?

यांनी घरूनच एक जाडजूड वही करून आणली आहे. प्रत्येक पानावर चार रकाने: रेल्वे, बस, टॅक्सी, भाड्याची गाडी. कुठली कधी सुटते, कुठे बदलायची, बॅगा घेऊन जिने किती चढायचे, सगळं. विमानतळावर उतरल्याबरोबर हे वही उघडून गर्दीच्या मधोमध उभे. लोक यांना वळसा घालून जात होते, नदीतल्या दगडाला पाणी वळसा घालतं तसे.

आधी मला भाड्याच्या गाड्यांच्या खिडकीशी नेलं. "नुसती चौकशी," म्हणाले. खिडकीतल्या मुलीने हसून विचारलं, गाडी कोण चालवणार? यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, मी चालवत नाही, गुडघे दुखतात. ती बिचारी माझ्या गुडघ्यांकडे बघायला लागली. मग आम्ही बसने निघालो. बस बरोबर पकडली, बाजू चुकली. उलट्या दिशेच्या शेवटच्या थांब्यावर, गोदामांच्या मधे जाऊन उतरलो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, डबा उघडला, आम्हाला अर्धं सफरचंद कापून दिलं आणि वीस मिनिटांनी त्याच बसने परत आणलं. हे म्हणतात, "बघ, शहराची एक बाजू फुकटात बघून झाली."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन, कारण हे माझ्याकडे बघतच राहिले.

उद्या तळ्याकाठच्या गावाला जाणार आहोत, रेल्वेने. मुक्काम तिथेच. तुझ्या गावाला रेल्वे जात नाही, असं वहीत दिसलं. सहज दिसलं.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

ताई


बुधवार, १० सप्टेंबर

प्रिय भोंग्या,

रेल्वे छान होती. खिडक्या एवढ्या मोठ्या की डब्यात बसल्यासारखं वाटतच नव्हतं. समोरच्या आजीबाईंनी पूर्ण वेळ एक मोजा विणला आणि उतरताना तो पायात चढवूनच उतरल्या.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. घरमालकीण उंच आहे, टणक आवाजाची, पण उशा दोन-दोन देते. खिडकीतून तळं दिसत नाही. समोरचा रस्ता आणि एक ड्रायव्हिंग स्कूल दिसते. काय नशीब बघ. सकाळपासून छपरावर पाटी लावलेली लाल गाडी मागे-पुढे, मागे-पुढे. मी पडदा ओढून घेतला. हे येऊन तो परत सारतात. म्हणतात, उजेड हवा.

काल मी तुला खोटं लिहिलं. म्हणजे परवा. वहीत तुझं गाव 'सहज' नाही दिसलं. त्याला स्वतंत्र पान आहे, आणि यांनी त्यावर वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलने खूण केली आहे, छापखान्यात 'पुन्हा तपासावे' म्हणून करायचे तीच. तुझ्या बायकोचं दरवर्षी कार्ड येतं ना, त्यावरून यांनी पत्ता उतरवून घेतला होता. इथून मंगळवारी आणि शुक्रवारी एक बस निघते. एकशे दहा किलोमीटर. मी विचारलं, "तुमची तळी कुठे गेली?" तर म्हणाले, "वाटेत तीन आहेत."

तेव्हा परवा शुक्रवारी आम्ही येऊ. येऊ असं वाटतंय.

हात कसा आहे तुझा? हे चार शब्द लिहायला मला सात वर्षं लागली. आपल्या त्या गाळ्यात पुढे तुझं घड्याळांचं टेबल आणि मागे माझी ड्रायव्हिंग स्कूल. माझ्याकडे शिकायला आलेल्या बायका आधी तुझ्या टेबलापाशी घुटमळायच्या. तू डोळ्याला भिंग लावून, डाव्या हाताच्या चिमटीत केसाएवढा स्क्रू धरून त्यांना म्हणायचास, "घाबरू नका, ताई ओरडते पण मारत नाही." अपघातानंतर ते टेबल मी कुणालाच दिलं नाही. गाळा सोडला तेव्हा घरी आणलं. त्याच्यावर आता काहीही ठेवत नाही आम्ही.

तुम्ही दोघं इकडे यायला निघालात, त्या दिवशी मला ताप होता, असं यांनी तुला सांगितलं. मला ताप नव्हता. मी न्हाणीघरात नळ सोडून बसले होते, म्हणजे रिक्षाचा आवाज ऐकू येऊ नये. त्यानंतरचे तुझे फोन... फोन वाजायचा, तुझं नाव दिसायचं, आणि मी तो उशीखाली ठेवायचे. दोन वर्षं तू करत राहिलास. मग बंद केलेस. बंद केलेस तेव्हा मला राग आला, बघ माझी कमाल.

पत्ता पाठीमागे लिहिला आहे, घरमालकिणीचा फोनही. रीत म्हणून.

ताई


शुक्रवार, १२ सप्टेंबर

भोंग्या,

बस वेळेवर आली. आम्ही दहा मिनिटं आधीपासून थांब्यावर होतो. यांनी नवा शर्ट घातला होता. बस थांबली, दार उघडलं, हे पायरीवर चढले आणि हात पुढे केला. माझे पाय हलेनात. यावेळी खरंच गुडघे म्हण हवं तर. ड्रायव्हर थांबला. आतली माणसं बघायला लागली. हे एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर, असे उभे. मी मान हलवली. हे उतरले, ड्रायव्हरला हात जोडून 'जा' म्हणाले, आणि बस गेली.

आम्ही तिथल्या बाकावर बसलो. हे चिडतील असं वाटलं होतं. यांनी पिशवीतून पाव काढला, मोडून अर्धा मला दिला.

मी म्हटलं, "अहो, कुत्रा नव्हता."

"इथे?"

"तेव्हा. त्या दिवशी. कुत्रा आडवा आला नव्हता. मला डुलकी लागली."

यांनी पाव खाली ठेवला.

"मी पहाटे चारची उठलेली. नवी गाडी नोंदवायला गेलो होतो, दिवसभर रांगा. परत येताना तो म्हणाला, ताई, दे इकडे, मी चालवतो, तुझे डोळे बघ. मी म्हटलं, बावीस वर्षं शिकवते मी, मला कुणी सांगायची गरज नाही. असं म्हटलं मी. आणि अर्ध्या तासाने झाड. त्याच्याच बाजूने."

"पण दवाखान्यात तर..."

"दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आधी तोच बोलला. हाताला एवढं मोठं बँडेज, आणि म्हणतो, कुत्रं आलं आडवं, ताईने फार सांभाळली. पोलिसांना तेच सांगितलं, तुम्हाला तेच. आणि मी मान डोलावली."

समोरून लाल गाडी जाऊन परत आली. मग हे म्हणाले, "सात वर्षं तू माझ्या शेजारी झोपतेस."

"हो."

"आणि मला वाटायचं, तो चिडलाय म्हणून तू रडतेस."

तो कधीच चिडला नाही, म्हणून रडत होते, हे मी यांना सांगितलं. आज तुलाही सांगते. तू एकदा जरी म्हणाला असतास ना, ताई, तुझ्यामुळे माझा हात गेला, माझी घड्याळं गेली, तर मी तुझ्या पायाशी येऊन बसले असते. पण तू मला वाचवलंस, माझं लायसन, माझी शाळा, माझं नाव. तुझ्या तोंडाकडे बघायचं म्हणजे ते खोटं रोज नव्याने मान डोलावून मान्य करायचं. मला नाही जमलं. मी शाळा बंद केली, गुडघ्यांचं कारण सांगितलं, आणि तुला बंद केलं.

कुत्रा नव्हता, भोंग्या. मी झोपले होते. तू बरोबर होतास आणि मी हट्टी होते. हे मला तोंडाने सांगायचं होतं, पण बस तर गेली.

पोस्टाची पेटी खालीच आहे. पाकीट हातातून सुटायच्या आत जाऊन टाकते.

ताई


सोमवार, १५ सप्टेंबर

प्रिय भोंग्या,

हे पत्र पेटीत टाकणार नाही. उद्या हातात देईन, नाहीतर तुझ्या फाटकात खोचून येईन. काय झालं ते ऐक.

शनिवारी हे माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. रविवारी एकटेच फिरायला गेले, ओल्या बुटांनी परत आले आणि म्हणाले, "तळं बघितलं. चांगलं आहे." मग खाटेवर बसून बूट काढता काढता: "माझ्याकडून एवढंच की मला आधी सांगायचं होतंस. बाकी तुझं आणि त्याचं. मंगळवारची बस आहे, गुरुवारचं विमान. आता ठरव."

मी म्हटलं, बसने नको. यांनी वही उघडली, टॅक्सीचा रकाना दाखवला. मी म्हटलं, तेही नको. दुसऱ्या कुणीतरी आणून सोडलं म्हणून आले, असं मला तुझ्यासमोर यायचं नाही.

यांनी पेन खाली ठेवलं आणि पडदा सारला. समोर लाल गाडी उभी.

तुला आठवतं, निघायच्या आधी परदेशात चालवायचा परवाना काढून घ्यायचा असतो? यांनी तो माझ्या नावाने काढून ठेवला होता. फोटो देताना मला म्हणाले होते, "ओळखपत्र म्हणून असू दे." वहीच्या मागच्या कव्हरात होता. मी तो काढून पर्समध्ये ठेवला.

आज सकाळी समोर गेले. शिकवणारी मुलगी असेल सव्वीस-सत्तावीसची, आखूड केस, तोंडात च्युइंगम. तिला जमेल तेवढ्या शब्दांत सांगितलं की गाडी येते, पण आमच्याकडे डावीकडून चालवतात आणि सात वर्षं हात लावलेला नाही. "तुमचं काम काय होतं?" मी तिच्या छपरावरच्या पाटीकडे बोट केलं. तिने च्युइंगम चघळायचं थांबवलं. मग एवढी हसली!

मी सवयीने उजव्या दारातून आत शिरले. पुढे स्टिअरिंगच नाही. तिने आदबीने दार धरलं आणि मला पलीकडे नेलं. बसले. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, तुला माहीत आहे. बावीस वर्षं माझा पाय त्या ब्रेकवर नुसता टेकलेला नसायचा, रोवलेला असायचा. बायका म्हणायच्या, मॅडम, तुम्हीच चालवताय. मी हळूच तिच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय मागे, सीटखाली, घोट्यात घोटा अडकवलेले.

पहिल्या चौकात मी चुकीच्या बाजूला वळायला निघाले. ती म्हणाली, "उजवीकडे," बस एवढंच. दुसऱ्यांदा गिअर टाकायला डावा हात दारावर आपटला. तिसऱ्यांदाही आपटला. ट्रक समोरून आला तेव्हा मी श्वास घ्यायची विसरले. एक तास, भोंग्या. तिने ब्रेकला पाय लावला नाही. उतरताना मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, "तुम्ही दर दहा सेकंदांनी आरसा बघत होतात. असा माणूस मला आजवर भेटला नव्हता." आणि वर म्हणते, एक चूक सांगू? तुम्ही स्टिअरिंग गळा दाबल्यासारखं धरता.

घरी आले तर जिन्यात मालकीण उभी. हातात कागद. म्हणाली, फोन आला होता, माणसाचा. तुमच्या भाषेत बोलत होता, मग आमच्या भाषेत. नाव विचारलं तर काहीतरी विचित्र बोलला, ऐकलं तसं लिहून ठेवलंय. आणि चष्मा लावून, त्या टणक आवाजात, अक्षरं फोडून फोडून वाचलं:

"बोंग-या. ता-यी. क-धी."

मी जिन्यातच बसले. ती घाबरली, पाणी आणायला धावली. पाणी घेऊन आली तेव्हा मी हसत होते आणि रडतही होते. शेवटी यांनीच खाली येऊन तिला समजावलं, वाईट बातमी नाही. मग यांनीच तुला फोन लावून सांगितलं की उद्या मी गाडी चालवत येते आहे. मी यांच्या खांद्याशी उभी होते, ऐकू आलं मला, तू काय म्हणालास ते. "तिला म्हणावं, ट्रकच्या मागे अंतर ठेव." 

म्हणजे पत्र पोचलं तुला. म्हणजे तू वाचलंस.

गाडी ठरवली आहे, लहानशी, पिवळी. नऊला निघतो.

ताई


रविवार, २१ सप्टेंबर

प्रिय भोंग्या,

पोचलो. कपडे धुऊन झाले, यांनी सकाळपासून तिघा शेजाऱ्यांना तळ्यांची माहिती दिली. आता निवांत बसले आहे.

तुझ्याकडचे दोन दिवस तुला परत सांगण्यात अर्थ नाही, पण मला लिहून बघायचंय. एकशे दहा किलोमीटरना आम्हाला साडेतीन तास लागले. मागून येणारा प्रत्येकजण आम्हाला ओलांडून गेला, एक सायकलवाला सुद्धा. तुझं घर आलं हे पाटीमुळे नाही कळलं. तू रस्त्याच्या मधोमध येऊन, दोन्ही हात हलवत, मला गाडी कुठे लावायची ते दाखवत होतास. गाळ्यासमोर दाखवायचास तसं. "अजून, अजून, बस!" सात वर्षांनी समोरासमोर तुझ्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द 'अजून'.

तू पिकला आहेस, बाळा. कानाजवळचे सगळे केस पांढरे.

मी गाडीतून उतरून माफी मागायला तोंड उघडलं, तर तू म्हणालास, "आधी चहा." चहा झाल्यावर भावजय यांना घेऊन रोपवाटिका दाखवायला गेली, तुझ्या हातच्या रोपांच्या रांगा. मुद्दामच गेली ती, मला कळलं. मग मी विचारलं, का म्हणालास कुत्रा?

"दुसरं काही सुचलं नाही," तू म्हणालास. "गाय म्हटलं असतं तर गाडीला जास्त लागलं असतं. कुत्रं बरं होतं. ते काही येऊन खोटं पाडणार नव्हतं."

मला हसू आलं, आणि तू हसला नाहीस. तू तुझा डावा हात टेबलावर ठेवलास. दोन बोटं वळत नाहीत, ती तशीच सरळ राहिली. तू म्हणालास, "ताई, ह्याचं मी जमवलं. उजव्या हाताने लिहायला शिकलो, जेवायला शिकलो, कलमं बांधायला शिकलो. तुझं नाही जमवता आलं मला. दोन वर्षं फोन केले मी. माझा हात गेला त्याला तू जबाबदार, बरं. पण माझी बहीण गेली, त्याला कोण?"

ते वाक्य मी घेऊन आले आहे. विमानात घेऊन बसले होते, आताही घेऊन बसले आहे. तू उत्तर मागितलं नाहीस. तू उठून माझ्यासाठी अजून चहा ओतलास, उजव्या हाताने, एक थेंब न सांडता.

पण तुला माहीत नसलेलं एक आहे, आणि हे पत्र त्याच्यासाठीच.

बुधवारी सकाळी तू म्हणालास, मला डोंगरापलीकडच्या बाजारात खतं आणायला जायचंय, सोडतेस का? भावजय म्हणाली, बस आहे की. तू म्हणालास, "बस कशाला? ताई आहे." आणि सरळ येऊन माझ्या शेजारी बसलास. मागे हे आणि भावजय. पट्टा लावलास. तिकडे चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे तुझा तो हात आता माझ्या बाजूला होता, गिअरला लागूनच. गिअर बदलताना माझी बोटं तुझ्या बोटांना दोनदा लागली. तू हात काढून घेतला नाहीस.

घाट सुरू झाला तोपर्यंत तू बोलत होतास, खतं, कुंड्या, कुणाचीतरी म्हातारी मांजर. मग आवाज हळू झाला. मी एका वळणानंतर बघितलं, तर तुझी मान खिडकीला टेकलेली. तोंड उघडं. लहानपणी झोपायचास तसाच.

आरशात मला हे दिसले. त्यांनीही पाहिलं होतं. त्यांनी भावजयीला खूण केली, तिने आपल्या खिडकीची काच हळूच वर केली. कारण वारा तुझ्या तोंडावर येत होता.

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. समोरून लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक येत होते. एका बाजूला दरी. पण खूप वेळाने माझ्या लक्षात आलं की मी स्टिअरिंग सैल धरलं आहे. वळण येत होतं, जात होतं. मी ब्रेक असा हळू लावत होते की तुझी मान हलू नये. बावीस वर्षांत मी एवढी चांगली गाडी कधी चालवली नव्हती आणि ते बघायला तू जागा नव्हतास, म्हणून लिहिते.

तू चाळीस मिनिटं झोपलास. बाजारात गाडी लावली, इंजिन बंद केलं, तरी तू उठला नाहीस. हे आणि भावजय हळूच उतरून पलीकडे गेले. मी बसून राहिले. मग तुझ्या त्या दोन सरळ बोटांवर हात ठेवला आणि म्हटलं, "भोंग्या, ऊठ. आलो आपण."

तू डोळे चोळलेस, काचेतून बाहेर बघितलंस, आणि कुरकुरत म्हणालास, "इतक्यात?"

ताई